माझ्या भूमिकेत मी

प्रिय बाईसाहेब,

तुझ्या नवऱ्याला या वयात नवे काम मिळाले आहे, आणि भूमिका आहे त्याची स्वतःचीच: हाणामारीच्या चित्रपटांचा एके काळचा नायक, ज्याला आता कुणी बोलावत नाही. वाटले होते, यात अभिनय तो काय करायचा! पहिल्याच दिवशी तरुण दिग्दर्शक अदबीने म्हणाले की, सर, तुम्ही तुमच्यासारखे वाटत नाही, जरा तुमच्यासारखे चाला ना. हे फोनवर ऐकून लेक इतकी हसली की शेजारच्या खोलीत तुलाही ऐकू गेले असेल. तुमच्या पुढच्या उडीनंतर इस्पितळाच्या बाकावर मी बसणार नाही, असे बजावून तू तिच्याकडे राहायला गेलीस, तेव्हापासून तू काही फोनवर येत नाहीस. म्हणून हे पत्र.

सेटवर आपले स्वयंपाकघर हुबेहूब उभारले आहे. तुझी भूमिका करणारी नटी गुणी आहे. परवा तिने मला चहा दिला, रीतसर उजव्या हातात, आणि कप निसटून फुटला. बिचारी रडवेली झाली. माझी मोडलेली दोन बोटे कधीच नीट मिटली नाहीत आणि तू इतकी वर्षे, एका शब्दाने न बोलता, कप माझ्या डाव्या हाताशी ठेवत आलीस, हे पटकथेत कोण लिहिणार? मीच तिला ते समजावून सांगितले. सांगता सांगता माझा डावा हात आपोआप कप घ्यायला पुढे आला. दिग्दर्शक म्हणाले, अगदी असेच हवे होते.

गच्चीवरून उडी मारायचे दृश्यही होते. ती मीच मारावी, असा निर्मात्यांचा आग्रह. मी सर्वांदेखत सांगितले की माझे गुडघे दुखतात आणि मला भीती वाटते. कुणीही हसले नाही. उडी डुप्लिकेटने मारली. मी खाली उभा होतो. खाली उभे राहणे इतके अवघड असते, याची मला कल्पना नव्हती.

आता मुद्द्याचे. पटकथेच्या शेवटी तू परत येतेस. मी दार उघडतो, तू हसून आत येतेस. हे दृश्य मी अडवून धरले आहे. दुसऱ्याच बाईला तुझ्या रूपात घरात येताना पाहून आनंदाचा चेहरा करणे मला जमणार नाही. तू येणार नसशील, तर चित्रपटातही येऊ नयेस; मी ते दृश्य गाळायला लावीन आणि मनात राग धरणार नाही. येणार असशील, तर त्यांनी ते दृश्य घेण्याआधी मला कळव. न्यायला मी स्वतः येईन, आणि गाडी अगदी सावकाश चालवीन.

अजूनही तुझाच,
मी