बाबांच्या आवाजातला बिघाड

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (पद्धत म्हणून. आठातली सहा-सात अंगं तुझ्यावर रागावलेली आहेत, उरलेल्या एक-दोनांवर भागवून घे.) तुझी आणि वहिनीची तब्येत ठीक असेल असं धरून चालतो, कारण विचारलं तर तू फोनवर नुसता अंगठा पाठवतोस. परवा आईने माझ्या फोनवरून तुला गुडघेदुखीबद्दल चांगल्या दहा ओळी लिहिल्या, त्यालाही तुझा अंगठाच आला. गुडघे दुखतात हे छान झालं असं त्याला म्हणायचंय का, हे ती मला दोन दिवस विचारत होती. म्हणून हे कागदावर लिहितो आहे. बाकी इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे तू गेलास तेव्हा जे जे मोडलेलं होतं ते सगळं तसंच आहे.

पत्रास कारण बाबांची गाणी. तुला आठवत असतील असं गृहीत धरतो. बाबांनी शाळेत एकतीस वर्षं संगीत शिकवलं, मुलांसाठी आठ गाणी बांधली, आणि ती त्यांच्याच आवाजात आपण दोघांनी मागच्या खोलीत दोन वर्षांपूर्वी रेकॉर्ड केली. (खोलीला आपण स्टुडिओ म्हणायचो. आई अजूनही अडगळीची खोलीच म्हणते, आणि आत येऊन बघितलंस तर तिचं खरं वाटेल.) तू तेव्हा म्हणालास, बाबांचा आवाज मी बघतो, तू वाद्यं बघ. मी ऐकलं. मी आयुष्यभर तुझं ऐकतच आलोय, त्यामुळे कामही पटापट होतं आणि नाव तुझं होतं. तीन गाणी पूर्ण करून तू नोकरीच्या गावी गेलास, पाच तशीच कंप्युटरात राहिली. आता येत्या वीस तारखेला शाळेत जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा आहे आणि तिथे ही आठही गाणी मोठ्या स्पीकरवर लागणार आहेत. बाबांनी महिन्यापासून कोट बाहेर काढून खुंटीला लावला आहे.

तर सोमवारी मी गाण्यांचं सॉफ्टवेअर उघडलं. (मध्ये त्याने न विचारता स्वतःला अपडेट करून घेतलं होतं. आपल्या घरात स्वतःहून सुधारलेली ही एकच वस्तू, आणि तिनेही घात केला.) ते म्हणालं, बाबांच्या आवाजावर लावलेला एक प्लग-इन सापडत नाही, तो वगळून उघडू का. तो प्लग-इन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, सॉफ्टवेअरसोबत आलेला नाही, तू दुसऱ्याच कंपनीचा आणून बसवलेला, आणि त्या जागी तू लिहिलेलं लेबल होतं: ‘थोडी सफाई’. मी म्हटलं, सफाई म्हणजे पंख्याची घरघर काढत असेल, वगळ. गाणं लावलं. पेटी सुरात, तबला जागेवर, आणि बाबांचा आवाज बसक्या खुर्चीसारखा एका बाजूला खाली.

आता इथे कोणीही शहाणा माणूस काय समजला असता ते मला ठाऊक आहे, तू लिहू नकोस. पण मी शहाण्यांच्या घरातला नव्हे, याच घरातला. माझं काम सुरू झालं. कंप्युटर बंद-चालू केला. कंपनीचे सगळे प्लग-इन काढून परत बसवले. सॉफ्टवेअरची यादी पुसून दोनशे प्लग-इन पहिल्यापासून तपासायला लावले, त्यातल्या एकशे सदतिसाव्यावर ते जे अडकलं ते मी जेवून, भांडी घासून, आईला डॉक्टरकडे नेऊन आणलं तरी तिथेच. मग जुनी युक्ती: निम्मे प्लग-इन फोल्डरमधून बाहेर काढायचे, उघडून बघायचं, मग उरलेल्यांतले निम्मे काढायचे, असं करत करत चोर सापडेपर्यंत जायचं. मंगळवार त्यात गेला. मध्येच वाटलं, रेकॉर्डिंगचा वेग आणि वाजवण्याचा वेग जुळत नसेल, त्याने आवाज खाली बसतो. पण मग पेटीही बसायला हवी होती, आणि पेटी बिचारी ताठ उभी. बुधवारी मी माइकची वायर बदलली. दादा, दोन वर्षांपूर्वी झालेल्या रेकॉर्डिंगसाठी मी आता माइकची वायर बदलली, आणि बदलल्यावर थोडा फरक पडल्यासारखा मला वाटलासुद्धा.

कारण माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की होती, की बाबा बेसूर असूच शकत नाहीत. बेसूर मी. हे लहानपणीच ठरलेलं आहे. बाबांच्या वृंदगानात तू मधोमध उभा राहून एकटा कडवं म्हणायचास, आणि मी मागच्या रांगेत डावीकडून दुसरा. मला आज्ञा होती, की तू नुसते ओठ हलवायचे. नऊ वर्षं मी ओठ हलवले. इतके चांगले हलवायचो, की एका स्नेहसंमेलनानंतर कुणाच्या तरी आत्याने माझ्या आवाजाची तारीफ केली. (ती मला अजून पुरते आहे.) गाता येत नाही म्हणून मी वायरी जोडायला शिकलो, आणि पुढे त्याच धंद्यात पडलो. अशा माणसाने बाबांचा सूर खाली आहे असं कानांनी ऐकलं तर तो कानांची तपासणी करेल, वायरची करेल, विजेच्या मीटरची करेल.

मग मी प्लग-इनच्या कंपनीला ई-मेलने खरमरीत पत्र टाकलं, की तुमच्या मालाने जाता जाता एका ज्येष्ठ संगीतशिक्षकाचा आवाज नासवला आहे. उत्तर आलं, बंद करून परत चालू करून पाहिलंत का. दुसरं खरमरीत पत्र टाकलं. उत्तर आलं, लायसन्सची किल्ली लावली आहे का. (तीच ती, पेन ड्राइव्हसारखी, जी तू स्वतःच्या घराच्या किल्ल्यांना लटकवून घेऊन गेलास, आणि जिच्याशिवाय तो प्लग-इन उघडतच नाही.) तिसऱ्या पत्रासोबत मी गाणंच पाठवून दिलं. त्यावर एका बाईचं फार सभ्य उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं: “फाइल ऐकली. हिच्यावर आमचा प्लग-इन चालू नाही, त्यामुळे त्याने काही बिघडवलेलं नाही. तो सूर सुधारण्यासाठी असतो. तुम्हाला ऐकू येतोय तो गायकाचा मूळ आवाज आहे. गायक साधारण पाव स्वर खाली आहे.”

मी ते पाच वेळा वाचलं. आधी मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, खुर्चीत बसल्या बसल्या मी हसलो. मग नऊ वर्षांचे ओठ आठवले आणि असा राग आला, की हेडफोन काढून ठेवावा लागला. आणि बाबांवर जेवढा आला त्याहून जास्त तुझ्यावर आला. तुला माहीत होतं. तू आठही गाण्यांवर ती किल्ली फिरवलीस, वर ‘थोडी सफाई’ लिहिलंस, आणि खोलीबाहेर येऊन बाबांच्या पाया पडून त्यांच्या सुराचं कौतुक केलंस. मला एकदा, एका ओळीत, कानात सांगितलं असतंस तर तुझं काय गेलं असतं? मी कुणाला सांगायला जाणार नव्हतो. मला नुसतं माहीत असलं असतं.

गुरुवारी दुपारी मी ते गाणं परत लावून बसलो होतो आणि बाबा आत आले. हातात वीस तारखेच्या गाण्यांची यादी, लाल शाईने क्रम घातलेला. बंद करायला मला वेळ मिळाला नाही. त्यांनी दोन ओळी ऐकल्या. चष्मा काढला. डोळे मिटून, मान तिरकी करून अजून एक ओळ ऐकली, वर्गात ऐकायचे तशी. आणि म्हणाले, “हे तू गायलंस ना?”

मी गाणं थांबवलं.

“पट्टी सोडतोयस. अरे, तुला किती वेळा सांगितलं, नुसते ओठ हलवायचे.”

दादा, उत्तर माझ्या जिभेवर होतं. कंपनीचं पत्र समोर उघडं होतं, ते वाचून दाखवलं असतं तरी चाललं असतं. पण त्या यादीतल्या पहिल्या गाण्यावर त्यांचं बोट होतं, आणि वीस तारखेला पहिल्या रांगेत कोण बसणार तेही मला आठवलं. बेसूर गातात म्हणून ज्यांना त्यांनी बाकावर उभं केलं, ती सगळी मुलं, आता टकली आणि पोटं सुटलेली. मी म्हटलं, “हो बाबा.” त्यांनी मान हलवली, म्हणाले माझा आवाज नीट लाव, आणि गेले.

तेव्हा कृपा करून ती किल्ली या आठवड्यात कुरियरने पाठव. सोबत ‘सॉरी’ वगैरे लिहू नकोस, बबल रॅप जास्त गुंडाळ. वहिनीस नमस्कार. लहानांस आशीर्वाद, आणि त्यांना गाण्याच्या क्लासला घालायच्या आधी दहा वेळा विचार कर.

तुझा,
मागच्या रांगेतला, डावीकडून दुसरा

ता. क. किल्लीसोबत तिच्या खात्याचा पासवर्डही पाठव. तुझी जन्मतारीख, लग्नाची तारीख आणि तुझं स्वतःचंच नाव मी वापरून पाहिलं. तिसऱ्यानंतर खातं बंद झालं आहे.

ता. क. २. पाकीट नव्हतं म्हणून पत्र दोन दिवस घरातच पडून होतं, तेवढ्यात एक गोष्ट घडली. बाबांचा सूर कुठे हवा होता हे बघायला मी सॉफ्टवेअरमधला साधा सूर-काटा लावला (तो फुकट असतो, त्याला कुणाची किल्ली लागत नाही) आणि माइकसमोर पहिलं कडवं स्वतःच म्हटलं. काटा मधोमध राहिला, म्हणजे सूर नेमका लागलेला. मी काटा बिघडला असं समजून तो काढून परत बसवला. परत मधोमध. तेच कडवं स्पीकरवर वाजवत असताना बाबा दारात आले. फोनवर लोक माझ्या आणि बाबांच्या आवाजात गल्लत करतात हे तुला माहीत आहे, आणि त्यांना हल्ली कमीही ऐकू येतं. पूर्ण कडवं उभ्याने ऐकलं आणि म्हणाले, “हं. हा माझा आवाज. झालं ना मशीन बरं?”

ता. क. ३. किल्ली पाठवू नकोस. उरलेली पाचही गाणी बाबांच्या जागी मीच काल म्हणून टाकली. तू दोन वर्षं गप्प राहिलास तसाच पुढेही राहा, मीही राहीन, आपल्यात एक तरी गोष्ट सारखी निघाली. वीस तारखेला मात्र ये. मी पहिल्या रांगेत बाबांशेजारी बसणार आहे. गाणं सुरू झालं की ते सवयीने माझ्याकडे बघतील, आणि मी नुसते ओठ हलवीन.