हरलेल्यांची यादी

३ मार्च, सकाळी ६
आजपासून राग बंद, शिस्त चालू. प्रोफेशनल टेनिसमध्ये तीन वर्षं झाली आणि रँकिंगचा एकही पॉइंट नाही, यात माझा काडीचा दोष नाही. कोचचा आहे. बाबांनी काल निकाल दिला: या स्पर्धेत पॉइंट मिळाला तर खेळ, नाहीतर मुकाट्याने काकांच्या काचेच्या दुकानात जा. क्वालिफाइंगच्या तीन मॅचेस आणि मेन ड्रॉची, म्हणजे मुख्य स्पर्धेतली, एक. चार जिंकल्या की पॉइंट. डाव्या हातचा मळ.

दुपारी २
रॅकेट फोडली. राग कोचचा आला होता, पण कोच फोडता येत नाही.

५ मार्च
पहिली मॅच जिंकलो. ताई फोनवर म्हणाली, समोरचा शाळेतला होता ना रे? मी वय बघत नाही, स्कोअर बघतो. चष्मिसही जिंकला. हा माझा प्रॅक्टिस पार्टनर. सर्व्हिस अशी की चेंडू पोचेपर्यंत माणूस बुटाची नाडी बांधून घेईल. मला तो कधीच हरवू शकलेला नाही. दोनदा हरवलंय, पण तेव्हा वारा होता.

६ मार्च
दुसरीही जिंकलो. समोरच्याने चौदा डबल फॉल्ट केले. माझी दहशत. कोच म्हणाले, त्याला ताप होता. या माणसाला माझं चांगलं बघवतच नाही.

७ मार्च, दुपारी ४
हरलो. ३-६, २-६. चेंडू लाइनवर होता. अंपायर म्हणाला आउट. मी त्याला डोळे तपासून घ्यायला सांगितलं, तर मलाच वॉर्निंग. त्यानंतर मी सात गेम हरलो, ते सातही त्याच्या खात्यावर.
चष्मिसही हरला. हरून केळं खात बसला होता. काही वाटायला हवं माणसाला.

संध्याकाळी ६
डोकं अजून तापलेलंच आहे. रेफरीबाईंच्या टेबलावर एक कागद असतो. आज शेवटच्या फेरीत हरलेल्यांनी उद्या सकाळी दहाच्या आत त्यावर सही करायची आणि रॅकेट घेऊन बसून राहायचं. मेन ड्रॉतल्या कोणी माघार घेतली तर त्याची जागा मिळते. कोच म्हणाले, सही कर. ताई म्हणाली, सही कर. चष्मिस म्हणाला, सकाळी सोबतच जाऊ. तिघांनाही ठणकावून सांगितलं, दुसऱ्याचं पोट बिघडायची वाट बघत बसणारा मी नव्हे. मी जाईन तर पुढच्या दाराने. कोच म्हणाले, ते आजच बंद झालं.

८ मार्च, सकाळी ९.५०
मागच्या कोर्टवर एकटाच सर्व्हिस मारतोय. सगळा राग चेंडूत. पाणी प्यायला थांबलो. रेफरीबाई स्पीकरवरून हरलेल्यांना सहीची आठवण करून देतायत, तिसऱ्यांदा. काय ही मिनतवारी. आपला बाणा कायम.

दुपारी १
दोघांनी माघार घेतली. एकाचा खांदा, एकाचं खरंच पोट. यादीवर सही एकच, चष्मिसची. कळल्याबरोबर मी धावत गेलो. तेव्हा दहा वाजून सहा मिनिटं झाली होती. बाईंना मी माणुसकी समजावली, त्यांनी मला घड्याळ दाखवलं. दुसरी जागा रिकामीच गेली. म्हणजे माझी जागा दुसऱ्या कोणालाच घेता आली नाही, हेही खरं.

दुपारी ४
चष्मिससमोरच्याचा तिसऱ्याच गेममध्ये पाय मुरगळला. मॅच सोडली. चष्मिसला पॉइंट. धावत येऊन त्याने मलाच मिठी मारली. म्हणाला, तू हवा होतास रे तिथे. मी दातओठ खात अभिनंदन केलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडलो. घाम होता असं कोचना सांगितलं.
बाबांना फोन केला. ते अजिबात रागावले नाहीत. बरं, म्हणाले. त्याचाच जास्त राग आला.

१७ मार्च, सोमवार
काकांचं दुकान. तात्पुरतं. काचा उचलून मनगटं मजबूत होतील, पुढच्या सीझनला उपयोगी. काकांनी एकच नियम सांगितला, इथे काही आपटायचं नाही. मग हजेरीचं रजिस्टर पुढे सरकवलं. सही सकाळी दहाच्या आत लागते.
केली. नऊ बेचाळीसला.