मांजराच्या नावावर

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, मला पोलिसांनी धरलेलं-बिरलेलं नाही. दोन दिवसांसाठी घरी आलो आणि अडकलोय. कारण सांगतो, पण आधी गालिचा.

बाबांच्या खोलीतल्या लाल गालिच्याला पलंगाजवळ वास येतोय. बाबा म्हणाले, शेजारचं मांजर येतं. मी म्हटलं, धुऊन टाकू. तर केवढे खेकसले! पाणी मुरलं की आतून कुजतो, जन्मभर गालिचे विकलेत मी, तू नको शिकवूस. मग कोरडंच. खायचा सोडा भुरभुरायचा, तासभर विसरायचा (मी खरंच विसरलो, कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याशी गप्पा ठोकत बसलो, त्याने दाढी काढलीये, ओळखूच येत नाही), मग ब्रश, मग व्हॅक्यूम. वास गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

मला संशय यायला लागला. खिडकी बंद, दार बंद, मांजर काय किल्ली घेऊन येतं? शेजारच्या काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, अरे, ते मरून वर्ष होत आलं. बरं, बाबा चादर रोज स्वतः धुतात. मी हात लावला की अंगावर येतात. तेही खटकत होतंच.

मी डावखुरा ना, माझ्या ब्रशाने गालिच्याची लव खिडकीकडे निजते. काल सकाळी चहा घेऊन गेलो, तर पलंगाजवळची लव दाराकडे निजलेली. माझ्यामागून कुणीतरी ब्रश फिरवला होता. बाबा पेपरात तोंड खुपसून बसलेले, पेपर परवाचा. पायजम्याच्या दोन्ही गुडघ्यांवर पांढरी पूड. ताई, त्यांना मोजेसुद्धा वाकून घालता येत नाहीत गं.

मी चहा ठेवला आणि म्हटलं, फारच निर्लज्ज मांजर आहे. बाबांनी पेपर खाली घेतला नाही. आतूनच म्हणाले, जाऊ दे रे, म्हातारं असेल.

म्हणून लिहितोय. फोनवर बोललो असतो, पण त्यांचे कान अजून तिखट आहेत. मी पिशवी रिकामी केलीये, इथेच आहे. तू भाऊजींना घेऊन ये. डॉक्टर म्हणून नको, जावई म्हणून येऊ देत, जेवू देत, मग बाबांना घेऊन गच्चीवर जाऊ देत. मी तुला लिहिलंय हे कळता कामा नये. खोलीत शिरलीस की नाक मुरड आणि मांजराला दोन शिव्या घाल.

दोनच. म्हातारं आहे.

तुझाच,
भिंगरी