जान्या वरठा यांचे सद्वर्तन प्रमाणपत्र परत घेण्याबाबत

प्रति,
मा. नियंत्रक अधिकारी,
सदाचार संवर्धन कक्ष,
भिवंडी.

अर्जदार : सरू जान्या वरठा, वय ४६, काम : गोडाऊनमध्ये पॅकिंग, रा. टेमघर.

विषय : नवऱ्यास दिलेले सद्वर्तन प्रमाणपत्र रद्द करून मिळणेबाबत.

संदर्भ : आपले प्रमाणपत्र क्र. सदा/१, दि. ११ नोव्हेंबर २०२५ (आपल्या कक्षाचे पहिलेच. अभिनंदन.)

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्जदार सविनय कळविते की, तिचा नवरा जान्या हा टेमघरला लूमवर कामाला असून आपण त्यास निष्कलंक वर्तनाबद्दल प्रमाणपत्र दिले आहे, तेही फ्रेम करून. लोक असल्या कागदासाठी कचेरीत चपला झिजवतात, आणि अर्जदार तो परत घ्या म्हणते. तिचे डोके ठिकाणावर आहे, काळजी नसावी.

१. अर्जदाराचे कुटुंब येशूला मानते. राहनाळच्या रस्त्याला गोडाऊनमागे पत्र्याची शेड आहे, तिथे रविवारी दहा वाजता प्रार्थना असते. तिथे साक्ष द्यायची रीत आहे. ज्याच्या मनावर ओझे असेल त्याने उभे राहायचे, आपण काय काय उद्योग केले ते सगळ्यांदेखत सांगायचे, आणि ज्याचे वाईट केले त्याची माफी मागायची. मग प्रार्थना, मग चहा-खारी. नंतर त्यावरून कुणी टोमणा मारत नाही. मारलाच, तर पुढच्या रविवारी साक्ष त्याची.

२. ऑक्टोबरात आपले निरीक्षक श्री. धनेश साहेब वही घेऊन मागच्या बाकावर बसू लागले. आम्हाला वाटले, अगं बाई, देवाच्या शब्दाची केवढी ही भूक, एक अक्षर सोडत नाही! त्यांना दोन-दोन कप चहा दिला. त्यांच्या गुडघेदुखीसाठी धोंडूबाईने उपास धरला. गुडघा बरा झाला आणि नोटिसा आल्या.

३. पहिली धोंडूबाईलाच. वय चौऱ्याहत्तर. तरुणपणी मोहाची दारू गाळत होते, अशी तिची साक्ष, म्हणून तिने मडके घेऊन हजर व्हावे. राघोने पंचवीस वर्षांपूर्वी शेजाऱ्याचा कोंबडा चोरला होता, त्याने मुद्देमाल सादर करावा. साहेब, तो कोंबडा त्याच दिवशी रश्शात गेला, आणि शेजाऱ्यानेही मिटक्या मारत खाल्ला. प्रार्थना घेणाऱ्या पास्तरांना नोटीस विनापरवाना माफी वाटल्याबद्दल. ते बिचारे म्हणाले, "माफी देणारा वर हाय, मी नुस्ता पत्ता सांगतो." त्यावर आपल्या कक्षाने तो पत्ता लेखी मागवला आहे. पास्तर अजून उत्तर लिहीत आहेत.

४. आता मूळ दुखणे. अकरा वर्षांपूर्वी अर्जदाराची चांदीची साखळी घरातून गेली. आईने दिलेली होती. अर्जदाराने सख्खी बहीण काशी हिच्यावर आळ घेतला, चारचौघांत, तिच्या पोरांसमोर. तेव्हापासून काशीने उंबऱ्याला पाय लावला नाही. २ नोव्हेंबरच्या रविवारी जान्या साक्ष देणार होता. काशीला त्याने स्वतः जाऊन बोलावले होते, आणि ती आली होती, साहेब. जान्या उभा राहिला, घसा खाकरला, आणि त्याची नजर त्या वहीवर गेली. "माझा सगला बरा हाय," एवढेच बोलला आणि बसला. काशी चहा न घेता निघून गेली. धनेश साहेबांनी मात्र शेडमधला एकमेव निष्पाप माणूस म्हणून त्याचे नाव लिहून घेतले.

५. त्याला फ्रेम मिळाल्यापासून शेडमध्ये जो उठतो तो म्हणतो, "मी पयल्यापासून चांगला हाय, मी काय केला न्हाय." आपण येण्याआधी आमच्यात पापी होते, आता सगळे खोटारडे झाले आहेत. जान्याने ती फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. त्याला घास उतरत नाही.

६. साखळी कोणी घेतली, हे कक्षाने विचारू नये. साखळी अर्जदाराची, आणि तिची तक्रार नाही. लूमवर म्हणतात ना, मियाँ बीबी राजी तो क्या करेगा काजी. उद्या कोणी चोरी करताना सापडला तर खुशाल बेड्या घाला. दारूची चालू भट्टी पाहिजे असेल तर दोन पत्ते अर्जदार आजच देते. पण माणसाला आतून लाज वाटावी, हे नोटिशीचे काम नाही. जान्याला ती अकरा वर्षांनी वाटली होती, आणि आपल्या वहीने ती परत पोटात ढकलली. याचा अर्जदारास फार राग आला आहे.

७. तरी प्रमाणपत्र रद्द करावे. येत्या रविवारी, २३ तारखेला, धनेश साहेबांनी जरूर यावे, पण वही घरी ठेवून. चहा मिळेल. त्यांच्या स्वतःच्या मनावर काही असेल तर त्यांनीही उभे राहावे. आम्ही लिहून घेत नाही.

८. आपल्या कक्षाला रिकाम्या हाताने पाठवणे बरे दिसत नाही, म्हणून एक कबुली देते. साखळी काशीने घेतली नव्हती, हे अर्जदारास दोन वर्षांपासून ठाऊक आहे. साखळी ज्याच्याकडे मोडली त्या सोनाराच्या बायकोने सांगितले होते. तरी अर्जदार गप्प बसली. आधी नवऱ्याने बोलावे, मग आपण बोलू, असे म्हणत राहिली. खरे म्हणजे चुकले म्हणायला जीभ रेटत नव्हती. काशी चोर नाही. तिला चोर म्हणणारी मी आहे. नोटीस माझ्या नावे काढावी.

आपली नम्र आणि प्रमाणपत्रास अपात्र,
सरू जान्या वरठा
(डाव्या हाताचा अंगठा)

अर्ज लिहिणार : मुलगी भाग्यश्री
टेमघर, दि. २० नोव्हेंबर २०२५

सोबत : मूळ प्रमाणपत्र, फ्रेमसह. काच शाबूत आहे, पोच द्यावी.

प्रत माहितीसाठी : काशी लक्ष्मण गोवारी, अर्जदाराची बहीण. ही प्रत अर्जदार आज स्वतः घेऊन जाईल. अर्जदारास वाचता येत नसल्याने परिच्छेद ८ तोंडपाठ केला आहे.