गाडीचा रतीब

मुक्काम एरवी पेण, सध्या सांगता येत नाही.

माझे एकुलते एक साडूबुवा अंबरीशराव यांस मोरोपंताचा दोन्ही हातांनी नमस्कार. (गेले काही दिवस मी एकाच हाताने नमस्कार करत होतो, दुसरा स्टिअरिंगवर असायचा. आज दोन्ही मोकळे आहेत.) तुमची प्रकृती उत्तम असणार. जो माणूस तीच स्कूटर, तोच न्हावी आणि कुंडलिकेच्या पुलापर्यंतची तीच सकाळची फेरी वर्षानुवर्षं धरून बसला आहे, त्याला काय धाड भरली आहे? हेमांगीचं पित्त कसं आहे? कुंपणावरची मधुमालती फुलली का? श्यामलाची प्रकृती मात्र मी विचारत नाही. ती रागावून तुमच्याकडे येऊन आठवडा झाला, आणि रागात तिची तब्येत नेहमीच खणखणीत असते. मी मजेत आहे. जेवणाची आबाळ वगैरे काही नाही. पोहे मला पहिल्यापासून आवडतात.

पत्रास कारण की, काल हेमांगीचा फोन आला, ताईच्या चार सुती साड्या पाठवून द्या म्हणून. एखादी मागितली असती तर मी काही म्हणालो नसतो. पण अंबरीशराव, चार? आणि सुती? याचा अर्थ बाईने उन्हाळा रोह्याला काढायचं मनाशी पक्कं केलं आहे. फोन ठेवला आणि मी घरभर फिरलो, मग गच्चीवर गेलो, मग खाली येऊन कपाट उघडलं आणि चारांच्या जागी सगळ्याच सुती साड्यांच्या घड्या मोडून ठेवल्या. त्यातल्या चार पिशवीत घालून या पत्राबरोबर पाठवत आहे. पोचवणारा माणूस फारसा भरवशाचा नाही, पण या घाईत दुसरा मिळाला नाही.

आता इतका कागद घेतलाच आहे तर माझी बाजूही ऐका. (श्यामलाची तुम्ही सकाळ-संध्याकाळ चहाबरोबर ऐकत असालच.) तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. शाळेत भूगोल शिकवला तो याचसाठी, की एका तासात तीन खंड फिरून येता येतं. निवृत्त झालो आणि पाय घरात ठरेनात. डॉक्टर बदलले, वर्तमानपत्र बदललं, फिरायला जायचा रस्ता तर दर सोमवारी बदलतो. गाडी घ्यावी असं वाटे, पण एकदा घेतली की ती आपल्या दाराशी म्हातारी होणार, या विचारानेच मला गुदमरायला व्हायचं. बरं, भाड्याने घ्यावी तर तासांचा हिशेब डोक्यावर बसतो, आणि ते लीज की काय म्हणतात त्यात सही केली की काही वर्षं हलता येत नाही. अशात पनवेलच्या एका कंपनीची जाहिरात पाहिली. महिन्याच्या बोलीवर गाडी! विमा त्यांचा, दुरुस्ती त्यांची, महिना संपला की परत करा, नाहीतर दुसरी घ्या, नाहीतर काहीच घेऊ नका. म्हणजे दुधाचा रतीब लावतो तसा गाडीचा रतीब. अंबरीशराव, माझ्या स्वभावाचा कोणीतरी माणूस त्या कंपनीत वरच्या जागेवर बसला असला पाहिजे, असं वाटून मी इतका हरखलो की लगेच लावून टाकला.

चूक एकच झाली. हे सगळं मी श्यामलाला सांगितलं नाही. सांगणार होतो. पण पांढरी गाडी दारात येऊन उभी राहिली तेव्हा ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि अशी बघत राहिली की सांगणं मी उद्यावर टाकलं. (आमच्या संसारात मी भाड्याची घरं किती बदलली ते तुम्हाला माहीत आहे. सामान हलवायला तुम्हीच यायचात. प्रत्येक घरात ती तुळस लावायची आणि ती रुजेपर्यंत मला दुसरं घर दिसायचं.) आत गेली ती आरतीचं ताट घेऊनच आली. बॉनेटवर तेलात कालवलेल्या हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. मी ती लिंबं चिरडत गाडी वीतभर पुढे घेतली. तोवर तिने आळीभर पेढे वाटायला सुरुवातही केली होती. आता पेढा तोंडात घातलेल्या माणसाला, ही गाडी आमची नाही हो, असं कसं सांगायचं? तुम्ही सांगितलं असतंत? (तुम्ही सांगितलं असतंत. तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही.)

त्यात शेजारच्या धोंडुबाई. त्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतात, आणि त्यांनी आखलेले डोळे असलेला गणपती मिळावा म्हणून लोक मुंबईहून येऊन अडून बसतात. श्यामलाने त्यांच्या मागे लागून शाडूचा मुठीएवढा गणपती घडवून घेतला, डोळे आखून होईपर्यंत रोज कारखान्यात जाऊन बसली, आणि गाडीत काचेपाशी पक्का चिकटवून टाकला. तो चालवणाऱ्याकडे बघायचा. महिनाभर आम्ही त्या गाडीतून फिरलो, श्यामला शेजारी बसून सगळ्या जगाला हात करत होती, आणि तो मला बघत होता. पुढे पुढे मी आरशात बघायचं टाळू लागलो.

महिना संपला. मला लाल रंगाची एक दुसरी गाडी खुणावत होती. कंपनीला कळवलं, पांढरी न्या, लाल आणा. आणि नेमका त्या वेळी मी नवीन चष्म्याच्या दुकानात. (जुना चांगला होता, पण कंटाळा आला होता.) कंपनीचा माणूस आला तेव्हा आमच्या ओट्यावर शेजारच्या बायका पापड लाटायला जमल्या होत्या. त्याने किल्ली मागितली, श्यामलाने का म्हणून विचारलं, त्याने कागद दाखवला आणि तो सगळ्यांच्या देखत पांढरी गाडी घेऊन गेला. लाटणी थांबली. मग धोंडुबाई अगदी मायेने म्हणाल्या, "हप्ते थकले काय गो श्यामलाबाय? सांगायचं नाय व्हय आधी? आमी काय परक्या हाव?" आणि दुसरीने पेढ्यांची आठवण काढली. श्यामला एकटी उभी होती, अंबरीशराव. मी नवा चष्मा लावून आलो तेव्हा बायका निघून गेल्या होत्या, पापड तसेच वाळत होते, आणि दारात मागाहून आलेली लाल गाडी उभी होती. तुम्हाला वाटेल तिने आकाशपाताळ एक केलं असेल. नाही. मी रतीब समजावून सांगितला, सोय समजावून सांगितली, तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "माझा गणपती त्या गाडीत गेला. तो आणा, मग बोला." आणि एस.टी.ने रोह्याला निघून आली. लाल गाडी दारात असताना एस.टी.ने! हे मला फार लागलं.

पहिले दोन दिवस मी मुद्दाम खूश राहिलो. तिसऱ्या दिवशी पांढऱ्या गाडीच्या शोधाला लागलो. कंपनीच्या फोनवरची मुलगी म्हणाली, गाडीत राहिलेलं सामान परत पाठवलं आहे. पाठवलं होतं खरं: श्यामलाची छत्री, माझा जुना चष्मा, आवळासुपारीची डबी. गणपती नव्हता. शेवटी गाडी नेणाऱ्या त्या माणसालाच गाठलं. तो म्हणाला, "काका, गाडी धुतली मी, पण बाप्पाला कोण उचकटणार? मी तर नाय." आणि गाडी आता धाटावच्या केमिकल कंपनीतल्या कोणा साहेबाकडे गेल्याचं त्याने हळूच सांगून टाकलं.

म्हणून आज सकाळी लाल गाडी काढली. ही गाडी पांढरीसारखी मुकी नाही, हिला प्रत्येक गोष्टीची तक्रार आहे. साड्यांची पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली तर हिला वाटलं माणूस बसलं आहे, आणि पट्टा लावा म्हणून ओरडत सुटली. मी पिशवी उचलून मागे टाकू शकलो असतो. टाकली नाही. पट्टा लावला. अशी ती पट्टा लावलेली पिशवी शेजारी घेऊन मी वडखळच्या नाक्यावर आलो. तिथे कळलं की दर महिन्याला गाडी बदलण्यात एक गोम आहे: हात जुन्या गाडीतच राहतात. पांढरीत ज्या बाजूला वळायच्या दिव्याची दांडी होती त्या बाजूला लालमध्ये काच पुसायची दांडी आहे. मी लेन बदलायला दिवा दिला तो कडकडीत उन्हात काच पुसली जाऊ लागली, ती थांबवायला गेलो तर पाण्याचा फवारा उडाला, मागच्या एस.टी.वाल्याने भोंगा वाजवला, आणि या गोंधळात अलिबागला निघालेल्या गाड्यांच्या लोंढ्याने मला उजवीकडे ओढून नेलं. पोयनाडपर्यंत वळायला जागा मिळाली नाही. पूर्वी असं वाट चुकलो असतो तर आनंद झाला असता आणि अलिबागला जाऊन किनाऱ्यावर बसलो असतो. आज नुसती चिडचिड झाली. शेजारी बघून काही बोलायला गेलो, तर पिशवी.

धाटावला पोचलो तेव्हा शिफ्ट सुटत होती. पांढऱ्या गाड्यांची एवढी गर्दी असेल हे मला काय ठाऊक! नंबर कधी पाठ केला नव्हता (महिन्याभरासाठी कशाला करायचा?). पण पांढऱ्या बॉनेटवरची हळद धुतली तरी पूर्ण जात नाही, हे पापडांच्या दुपारआधीच माझ्या लक्षात आलं होतं. तेव्हा मी एकेका बॉनेटवर वाकून, नाक लावून हळद शोधू लागलो. केमिकल कंपनीच्या दारात एक म्हातारा गाड्या हुंगत फिरतो आहे म्हटल्यावर वॉचमनने जे करायचं तेच केलं. मी खरं ते सांगितलं, गणपती शोधतोय म्हणून, तर त्याने माझा दंड आणखी घट्ट धरला. नशीब, ज्याच्याकडे ती गाडी गेली होती तोच समोरून आला आणि गणपतीचं नाव ऐकून थांबला. सुशील नाव, साधा सज्जन मुलगा. त्याने माझी सुटका केली आणि चहाला घरी नेलं.

आणि दाराशी ती गाडी, आज घरीच ठेवलेली. आत गणपती, जागचा हललेला नाही, आणि त्याच्यापुढे ताजं जास्वंद. सुशीलची बायको मनस्वी म्हणाली, "बाप्पा गाडीतच बसून आला काका. मी म्हटलं, कंपनीच देते वाटतं. काय चांगली कंपनी हाय!" ती रोज फूल ठेवते. मी चहा पिता पिता तिला सगळं सांगितलं, रतीब, पेढे, पापड, एस.टी. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "बाप्पा काकूंचा हाय, त्यांना देईन. तुमच्या हातात नाय देणार. तुमचा काय भरोसा? पुढच्या महिन्यात म्हणाल, हा नको, दुसरा दाखवा." नवऱ्याने तिला दटावलं, पण मला राग आला नाही. असा सरळ जबाब मला शाळेतसुद्धा कोणी दिला नव्हता. त्या चहात साखर जास्त होती आणि तरी मी दुसरा कप मागितला.

तर असं आहे. बाकी क्षेम. रतीब ही सोय म्हणून उत्तमच आहे, हे मी आजही सांगेन. ज्याला गाडीच हवी आहे त्याने जरूर लावावा. हेमांगीला आशीर्वाद, तुमच्या स्कूटरला माझा मान. लोभ आहे तसाच राहू द्या, तो बदलून मागणार नाही.

तुमचा अस्वस्थ साडू,
मोरोपंत

ता. क. तिखटाचा डबा कुठे असतो, एवढं श्यामलाला सहज विचारून ठेवा. मी विचारलं असं सांगू नका.

ता. क. दुसरा. हे पत्र हेमांगीला मोठ्याने वाचून दाखवा. श्यामला आतल्या खोलीत असेल तर मधलं दार उघडं ठेवून. पापडांचा भाग जरा सावकाश वाचा. उद्या, महिना भरायच्या आधीच, लाल गाडी परत न्यायला माणूस येणार आहे. त्या वेळी मी चष्म्याच्या दुकानात नसेन. ओट्यावर उभा राहून धोंडुबाईंना आणि सगळ्या आळीला सांगणार आहे की हप्ते-बिप्ते काही थकले नव्हते, श्यामलाला यातलं काही माहीत नव्हतं, फसवलं ते मी. पेढेही वाटीन, म्हणजे तोंडं बंद राहतील.

ता. क. तिसरा, आणि हा खरा. साड्या तिला इतक्यात देऊ नका. धाटाव तुमच्या दारापासून जवळ आहे. माझ्याबरोबर तिथपर्यंत आली, तर मनस्वी गणपती तिच्या हातात देईल. पुढे पेणला यायचं की तुमच्याकडे परतायचं, ते तिने ठरवावं. मी काही बोलणार नाही. (बोलेन. ये म्हणेन. घर नुसतं खायला उठतं, अंबरीशराव, आणि हे मला कोणत्याही गाडीत बसलो तरी विसरता येत नाही.)

ता. क. शेवटचा. पत्र पोचवणारा तो बेभरवशाचा माणूस मीच, हे तुम्ही ओळखलं असेलच. तुमच्या फाटकासमोर गाडीत बसून लिहितो आहे, म्हणून अक्षर असं. मघाशी तुमच्या खिडकीचा पडदा हलला. हेमांगी असेल तर तिला म्हणावं, चहा टाक. श्यामला असेल तर तिला सांगा, पिशवी मी मागे ठेवली आहे, तिच्या बाजूचं दार केव्हापासून उघडून ठेवलं आहे, आणि ते उघडं आहे म्हणून ही गाडी इतका वेळ ओरडते आहे.