ट्यूबवर बसलेला रिक्षा स्टँड

पनवेल,
१४ फेब्रुवारी २०११

चिरंजीव सुशांत यास, दादाकडून आशीर्वाद आणि थोडा धाक.

तुझी प्रकृती ठणठणीत असेलच. द्रोणागिरीच्या गोदामात धूळ खाऊनही तू साधं शिंकल्याचं ऐकलं नाही. इकडे आईचा गुडघा जुनाच आहे आणि तुझ्या वहिनीचा माझ्यावरचा राग नवा आहे. फोन न करता पत्र लिहितो, कारण फोनवर तू ‘दादा, कंटेनर आलाय’ म्हणून मला वाक्याच्या मधोमध तोडतोस.

एसटी स्टँडबाहेरच्या रिक्षावाल्यांच्या सत्यनारायणाला दरवर्षी माझं व्याख्यान असतं, हे तुला ठाऊक आहे (शिरा व्याख्यानानंतर वाटतात म्हणून लोक थांबतात, हे तुझ्या वहिनीचं, वसुंधराचं, मत). यंदा मी विषय घेतला तो पुरुषांच्या त्या कॅन्सरचा, ज्याचं नाव कुणी घेत नाही. एका मासिकाचे जुने अंक पालथे घालून गेलो होतो. ‘लाज ही या देशातली सर्वांत जुनी साथ आहे!’ अशी गर्जना केली आणि पुढचा पाऊण तास त्या अवयवाला ‘ती जागा’ म्हणत राहिलो (पहिल्या रांगेत बायका होत्या रे). घट्ट चड्डी, खिशातला मोबाइल, तापलेली सीट, न्हावा शेव्याच्या ट्रेलरांनी उखडलेल्या रस्त्यांचे धक्के, सगळ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. धैर्याचा दाखला म्हणून तुलाही उभं केलं: माझ्या भावाने नवव्या वर्षी अपेंडिक्सचं ऑपरेशन हूं की चूं न करता सोसलं! टाळ्या पडल्या.

तेवढ्यात स्टँडवरचा सर्वांत जुना चालक काशिराम उठला. ‘मास्तर, मंग आमी रिक्षा हुबं राहून चालवायची काय?’ मी जोशात होतो. म्हणालो, ‘उपाय तुम्ही शोधा! क्रांती सीटपासूनच सुरू होते!’

काशिरामने उपाय शोधला. दुसऱ्या दिवशी तो स्कूटरची फुगवलेली ट्यूब सीटवर ठेवून त्यावर विराजमान. आठवड्यात नऊ रिक्षांत नऊ ट्यूबा. डोकी टपाला लागताहेत, प्रत्येक खड्ड्यात माणसं भरतीच्या होड्यांसारखी वरखाली होताहेत. उतारूंनी आपसांत ठरवलं की या स्टँडला मूळव्याधीची साथ आली आहे. खरं कारण बायकोला सांगायचीही लाज, म्हणून काशिराम गप्प, आणि त्याची बायको हौसा मूळव्याधीवर उपाय म्हणून त्याला दोन्ही वेळा सुरण उकडून घालते आहे!

शेवटी त्याच्याच रिक्षातून दवाखान्यात जाणाऱ्या डॉक्टर अरुंधतीबाईंनी ट्यूबची चौकशी केली आणि थेट आमच्या ओटीवर आल्या. पोरगेलशा दिसतात, पण असा युक्तिवाद मी आयुष्यात ऐकलेला नाही. तो शब्द त्यांनी वसुंधरासमोर पाच वेळा उच्चारला. मी पाचही वेळा तुळशीकडे पाहिलं. म्हणाल्या, चड्डी, मोबाइल, सीट, खड्डे यांच्यावर आरोप सिद्ध झालेला नाही. धोका वाढतो तो लहानपणी एक बाजू खाली उतरली नसेल तर, मग पुढे ऑपरेशन झालेलं असलं तरी. वडिलांना किंवा भावाला हा आजार झाला असेल तर. स्वतःला एका बाजूला आधी झाला असेल तर. आणि हा म्हाताऱ्यांचा नव्हे, बहुतेक वेळा ऐन तरण्याताठ्यांचा आजार. धोका वाढला म्हणजे तो होतोच असं नाही. पण न दुखणारी गाठ लागली तर दुखायची वाट बघायची नाही, लवकर सापडला तर बहुतेक जण बरे होतात.

सुशांत, मी स्टँडवर जाऊन शब्द मागे घेतले. माझ्या आयुष्यातलं सर्वांत लहान भाषण. ट्यूबा निघाल्या (काशिरामने ठेवली, म्हणे कंबरेला बरी वाटते). मग त्याने सहज विचारलं, ‘मास्तर, तुमच्या घरात हाय का कुनाचं तसं, लहानपनीचं?’

आणि तुझा दादा, ज्याला बसवायला अध्यक्षांना तीनदा घंटी वाजवावी लागते, तो आपणहून खाली बसला. घरी येऊन वसुंधराला सगळं सांगितलं, तेव्हापासून ती रागावली आहे.

बाकी सर्व ठीक. वेळेवर जेवत जा.

तुझा,
उदयसिंह दादा

ता. क. आई पोह्याचे पापड पाठवते आहे.

ता. क. २. ते अपेंडिक्सचं ऑपरेशन नव्हतं. तुझं उजवं वृषण (लिहिला बघ शब्द) खाली उतरलं नव्हतं. ते नवव्या वर्षी, म्हणजे उशिराच, खाली आणून बसवलं. ‘आळीत काय सांगायचं?’ म्हणून बाबांनी अपेंडिक्स म्हटलं, आणि मी, सतरा वर्षांचा, वक्तृत्वाची ढाल जिंकलेला, घरोघर तेच सांगत सुटलो. बाबा गेले, खोटं माझ्याकडे राहिलं. रविवारी सकाळी ये. डॉक्टरबाईंनी वेळ दिली आहे. मी बाहेर बाकावर बसेन आणि एक अक्षर बोलणार नाही.

ता. क. ३. आणि पुढे कधी पोटात उजवीकडे दुखलं, तर डॉक्टरला ‘अपेंडिक्स काढलंय’ असं छातीठोकपणे सांगू नकोस. ते जागेवर आहे.