मारांडी आणि तुमची अबोली

सासूबाई, मला विसरला असाल तर नवल नाही. जिवंतपणीही कपाळावर चढवलेला चष्मा घरभर शोधायचात आणि संशय माझ्यावर घ्यायचात. मी तुमची धाकटी सून, दिवा गावच्या खाडीवरची. अक्षर अजून येत नाही. मी सांगते, नात लिहितेय.

तुमच्या डोंबिवलीच्या अंगणात अबोलीचा ताटवा होता. माझी पहिली चैत्रगौर. देवीसाठी वेणी करायला सांगितलीत, मी तुमच्या अबोलीत माहेरच्या खाडीतली जांभळी मारांडी गुंफली. काट्यांनी बोटं फाटलेली. तुम्ही एकेक मारांडी उपसून काढलीत आणि म्हणालात, "चिखल घरात आणायचा नाही." मी पुन्हा आणला नाही.

आता ही पोरगी ठाण्याच्या कॉलेजात झाडंच शिकते. परवा तिने दोन्ही फुलं एका ताटलीत ठेवली. म्हणाली, आजी, ही एकाच कुळातली. बघ, दोघींना वरचा ओठ नाही, पाकळी सगळी खालीच पसरते. दोघींचं फळ तडकून बिया उडवतं. फक्त अबोली गोड्या पाण्याची, अर्ध्या सावलीतली, पान मऊ. मारांडी भरती-ओहोटीच्या चिखलातली, पानाला काटे, आणि अंगात आलेलं मीठ पानावाटे टाकून देणारी. मी म्हटलं, म्हणजे आपल्या दोघींत फरक काय तो पाण्याचा.

पोरीला पुढे खाडीतल्या झाडांचंच शिकायचंय. तिचा बाप, तुमचा लाडका नातू, म्हणतो मुलीने गुडघाभर चिखलात कशाला उतरायचं, आई सांगेल तसं करू. सगळे माझ्याकडे बघतायत, आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर तुमचंच वाक्य, शब्दन् शब्द. पोरगी उठून आत गेली. आत्ताही तिने पेन थांबवलंय. लिही गं, झालंय ते खरं आहे.

दुसऱ्या दिवशी मीच तिला म्हटलं, चल माझ्या माहेरच्या बंधाऱ्यावर. भराव पडलाय, तरी कडेला मारांडी फुललेली. चपला हातात घेऊन आधी मी उतरले, ती मागून म्हणतेय आजी, घसरशील. घरी आले आणि तशाच पायांनी लादीवर उभी राहून लेकाला सांगितलं, ती शिकणार.

हे पत्र कुठे जायचं नाही, माझ्या पेटीत राहील. पाठवायचं ते तुम्हीच पाठवा. पुढचं कॉलेज सुरू झालं की पोरीच्या डब्याला तुमच्या हातचे घावणे, पातळ, जाळी पडलेले. माझे अजून चिकटतात. घरात सांगते, तवाच खराब आहे.